झाडाखालची रात्र : निवासी शाळेचा एक राहून गेलेला पाठ

पावसाळा ओसरला की आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग स्वच्छ दिसू लागते. तेल्हारा तालुक्याची उत्तर कड त्याच डोंगराच्या पायथ्याला टेकलेली आहे. वान नदी तेथूनच खाली उतरते आणि वारी येथे तिला अडवून बांधलेल्या धरणाचे पाणी खारपाणपट्ट्यातील कितीतरी गावांची तहान भागविते. पिण्याचे पाणी ज्या डोंगराचे, त्या डोंगराशी आपल्या विद्यार्थ्यांची ओळख मात्र भूगोलाच्या नकाशापुरतीच आहे. पाच-सहा वर्षे वसतिगृहात राहून बाहेर पडलेल्या मुलामुलींपैकी बहुतेकांनी त्या डोंगरात एकही रात्र काढलेली नसते.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आजी-माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे आम्ही एक सूचना ठेवीत आहोत. दरवर्षी हिवाळ्यातील एका शनिवार-रविवारी इयत्ता नववीच्या मुलामुलींचे एक वनशिबिर व्हावे. त्यात विद्यार्थ्यांनी तंबूत अथवा खोलीत न झोपता, दोन झाडांना बांधलेल्या झोळीत एक रात्र काढावी आणि त्या शिबिराची आखणी प्रारंभापासून शेवटपर्यंत विद्यार्थ्यांनीच करावी. ही कल्पना काहींना हौशी वाटेल, काहींना धाडसाची वाटेल. दोन्ही प्रतिक्रिया आम्हांला अपेक्षित आहेत आणि त्यांचा विचार करूनच आम्ही हे लिहीत आहोत.

प्रथम पालकांच्या आक्षेपाविषयी. पालकसभेत ही गोष्ट निघाली तेव्हा एका वयस्क पालकाने उभे राहून विचारले, “गुरुजी, आम्ही जलमभर वावरात जागली केली, थंडी-वाऱ्यात माळ्यावर झोपलो. पोरायले शिकवाले पाठवलं, तं तुम्ही त्यायले पुन्हा झाडाखालीच झोपवता काय?” सभा हसली, आम्हांला मात्र हसू आले नाही. या प्रश्नात एका समाजाचा इतिहास आहे. आपल्या आजा-पणजांनी उघड्यावर काढलेल्या रात्री त्यांच्या पसंतीच्या नव्हत्या. गावकीची कामे, रात्रीची गस्त, साहेबाचा मुक्काम पडला की त्याच्या सामानाची राखण, चावडीच्या ओट्याखालची झोप हे सारे त्यांच्या माथी मारलेले होते. आजही हरभऱ्यावर रोही आणि रानडुकरे उतरतात तेव्हा कुडाच्या माळ्यावर रात्रभर जागणारा माणूस बहुधा आपल्यातलाच असतो. ज्या बापाने अशा रात्री काढल्या, त्याला मुलासाठी पक्के छत हवेसे वाटणे हे अगदी न्याय्य आहे.

परंतु याच इतिहासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. लादलेली रात्र आणि निवडलेली रात्र यांत फार मोठे अंतर आहे. ज्यांच्यावर उघड्यावरची रात्र लादली गेली, त्यांना स्वेच्छेने हिंडण्याचा, स्थळे पाहण्याचा, तळ्याकाठी बसण्याचा हक्क मात्र नाकारला गेला होता. बाबासाहेबांनी आपल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत १९३४ सालच्या एका सहलीची हकीकत सांगितली आहे. चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह ते वेरूळची लेणी पाहण्याच्या बेताने निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर, प्रवासाच्या धुळीने माखलेल्या या मंडळींनी तेथील हौदावर हातपाय धुतले. एवढ्यावरून त्यांना अडविण्यात आले, शिवीगाळ झाली. आणि अखेरीस किल्ला पाहू दिला तो कोठेही पाण्याला स्पर्श होऊ नये म्हणून एक सशस्त्र शिपाई बरोबर देऊन. महाडच्या तळ्याला उणीपुरी सात वर्षे झाली होती. बॅरिस्टर असलेल्या, गोलमेज परिषदेला जाऊन आलेल्या माणसाची सहल ही अशी झाली.

ही हकीकत आम्ही वर्गात शिकवितो तेव्हा विद्यार्थी बहुधा पाण्याच्या प्रश्नापाशी थांबतात. आम्हांला तीत आणखी एक गोष्ट दिसते. चळवळीच्या धकाधकीतही त्या तीस जणांना एकत्र सहलीला जावेसे वाटले, आपल्या पूर्वपरंपरेची लेणी डोळ्यांनी पाहावीशी वाटली. सहल ही त्यांना क्षुल्लक चैन वाटली नव्हती. देश पाहण्याचा, त्यात निर्धास्त हिंडण्याचा आणि निर्धास्त झोपण्याचा अधिकार हाही नागरिकत्वाचाच भाग आहे. आपल्या मुलामुलींनी तो अधिकार वापरला नाही, तर अरण्य म्हणजे श्रीमंतांच्या उघड्या जीपगाड्यांनी पाहायची वस्तू, एवढीच त्यांची समजूत होऊन बसेल.

आता झोळीच का, हा प्रश्न. इंग्रजीत जिला हॅमॉक म्हणतात ती वस्तू मूळची कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांची. १४९२ साली कोलंबसाची जहाजे तेथे पोहोचली तेव्हा युरोपियनांनी ती प्रथम पाहिली. तिचे नावही त्यांनी तेथूनच उचलले. पुढे जहाजांवरील खलाशी तिच्यात झोपू लागले, आणि आज पाठीवर सामान घेऊन हिंडणारे तरुण तिला नवी गोष्ट म्हणून मिरवितात. आपल्या घरांत मात्र ती कधीच नवी नव्हती. निंदणाला गेलेल्या माउलीने धुऱ्यावरच्या निंबाला लुगडे बांधून केलेल्या झोळीत आपल्यापैकी कित्येकांचे तान्हेपण गेले आहे. ऊन सरकले की झोळी दुसऱ्या फांदीला हलवायची, मुंग्या लागू नयेत म्हणून गाठीखाली राख फासायची, हे ज्ञान आपल्या आज्यांना होते. तेच ज्ञान आपण नातवंडांच्या हाती थोड्या शास्त्रशुद्ध रीतीने द्यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

झोळीच्या बाजूने व्यावहारिक कारणेही आहेत. आपल्या भागात रात्री सर्पदंश होतो तो पुष्कळदा जमिनीवर झोपलेल्या माणसाला. मण्यार रात्री हिंडते, अंथरुणात शिरते, तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, मच्छरदाणी लावलेल्या झोळीत झोपलेला विद्यार्थी साप, विंचू आणि गोचिडी यांपासून अधिक सुरक्षित राहतो. दगडगोट्यांची, उताराची, ओलसर जमीनही चालून जाते. तंबूसाठी ती साफ करावी लागत नाही, गवत उपटावे लागत नाही, खुंट्या ठोकाव्या लागत नाहीत. आपण उठून गेल्यावर मागे काही खूण राहत नाही. वनस्पतीला इजा करू नये असा नियम भिक्खूंच्या विनयात आहे, आणि वृक्षाच्या मुळाशी वास करणे हे त्यांच्या धुतांगांपैकी एक आहे. ज्या शाळेत दररोज वंदना होते, तिच्या विद्यार्थ्यांना झाडाखाली कसे राहावे हे वेगळे सांगावे लागू नये.

परंतु झोळी बांधणे हे एक कौशल्य आहे आणि ते आधी शिकावे लागते. झाड जिवंत, निरोगी आणि निदान मांडीएवढ्या जाडीचे असावे. वर वाळलेली फांदी लोंबत नाही ना, हे मान वर करून पाहिल्याखेरीज दोरीला हात लावू नये. रात्रीच्या वाऱ्याने तुटलेली फांदी हा अशा शिबिरांतील मोठा धोका असतो. सालईसारखे ठिसूळ लाकडाचे झाड टाळावे. साग, धावडा, मोह यांचे जुने बुंधे भरवशाचे. झाडावर अथवा जवळच्या कड्यावर आग्या मोहोळ असेल तर ती जागाच सोडावी. बारीक नायलॉनची दोरी सालीत रुतते आणि झाड जखमी करते. म्हणून बुंध्याला तीन बोटे रुंदीचा पट्टा हवा. दोन झाडांत बारा ते पंधरा फूट अंतर असावे. झोळी ताणून बांधू नये, तिला पोट सुटलेले असावे आणि बसल्यावर दोन्ही पाय सहज जमिनीला टेकावेत. झोपताना सरळ न झोपता थोडे तिरपे झोपले की पाठ सपाट राहते. एका झोळीत एकच जण, आणि एका झोळीखाली दुसरी झोळी कदापि नाही.

सर्वांत अधिक फसगत होते ती थंडीची. मुले अंगावर दोन पांघरुणे घेतात आणि पहाटे पाठ गारठून जागी होतात. कारण झोळीखालून वाहणारा वारा पाठीची ऊब काढून नेतो आणि अंगाखाली दबलेल्या पांघरुणात हवा उरत नाही. यावर उपाय आपल्या घरातच आहे. वर घ्यायला चादर चालेल, पण अंगाखाली जाडजूड वाकळ हवी आणि तिच्याखाली सतरंजी. डोक्यावर ताडपत्रीचे उतरते छप्पर बांधावे, म्हणजे दवही पडत नाही. पट्ट्याला एक सुतळी लोंबती ठेवली, की झाडावरून ओघळणारे पाणी झोळीपर्यंत न येता तिच्यावाटे खाली गळते. विज्ञानाच्या तासाला उष्णतेचे वहन आणि अभिसरण शिकलेल्या विद्यार्थ्याला हा पाठ एका रात्रीत कायमचा समजेल.

जागा कोणती? येथे उत्साहाला लगाम घालणे अवश्य आहे. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. आपल्या उत्तरेचे वान आणि अकोटपलीकडचे नरनाळा ही अभयारण्ये आज त्याच प्रकल्पाचा भाग आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीवाचून प्रवेश करता येत नाही, आग पेटविता येत नाही. तेथे वाघ आहे, बिबट आहे, आणि पायी चालणाऱ्याला या दोघांहून अधिक भिण्यासारखे अस्वलही आहे. तेव्हा मनाला येईल त्या ओढ्याकाठी झोळ्या बांधायच्या, हा विचार कोणीही करू नये. नरनाळ्याच्या पायथ्याशी शहानूर येथे वनविभागाचे पर्यटन संकुल आहे. त्याच्या आवारातील झाडांना एक रात्र झोळ्या बांधू द्याव्यात, असा लेखी अर्ज दोन महिने आधी करावा. परवानगी मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास संकुलाच्या छताखाली झोपावे आणि झोळ्या दिवसा बांधाव्यात. नियम वाकवून मिळविलेली रात्र विद्यार्थ्यांना चुकीचा धडा देईल.

त्याआधी एक रंगीत तालीम शाळेच्याच आवारात व्हावी. मैदानाच्या कडेचे निंब त्यासाठी पुरेसे आहेत. ज्याला घाबरायला होते, ज्याला झोळीत झोप लागत नाही, ज्याला रात्री दम लागतो, ते सारे तेथेच कळेल आणि पन्नास पावलांवर वसतिगृहाचे दार उघडे असेल.

काळ म्हणाल तर डिसेंबरअखेर ते जानेवारीचा पूर्वार्ध. पावसाळ्यात डोंगर बंद. फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचा हंगाम आणि पुढे मोह फुलला की अस्वलांची वर्दळ. तीन जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती आपण साजरी करतो; त्यानंतरचा शनिवार आम्हांला सर्वांत सोयीचा वाटतो. सावित्रीमाईंचे नाव घेतले म्हणून हेही येथेच सांगितले पाहिजे, की हे शिबिर केवळ मुलांचे होणार असेल तर ते होऊच नये. मुलींना घरची परवानगी मिळत नाही, ही सबब आपण सहलीच्या प्रत्येक वेळी ऐकतो. परवानगी का मिळत नाही याचा शोध घेतला तर उत्तरे साधी असतात : बरोबर बाई कोण, संडास कोठे, रात्री जागे कोण. या तिन्हींची उत्तरे लेखी देता आली पाहिजेत. दोन शिक्षिका, स्वच्छतागृहाजवळचा मुलींचा वेगळा झोळीतळ, आणि पाळीच्या दिवसांची सोय असलेली पेटी एवढी तयारी असेल, तर पालक नकार देत नाहीत.

विद्यार्थी चोवीस, शिक्षक चार, यांहून अधिक संख्या नको. सहा-सहांच्या चार तुकड्या कराव्यात : एकीकडे झोळ्या व दोर, दुसरीकडे अन्नपाणी, तिसरीकडे आरोग्य, चौथीकडे हिशेब व नोंदी. आरोग्य तुकडीने जाण्यापूर्वी सर्पदंशावरील प्रतिविष सर्वांत जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे आणि रात्री वाहन कोण देणार, हे स्वतः विचारून वहीत लिहावे. दंश झाल्यास दोरी आवळू नये, चिरा देऊ नये, मांत्रिकाकडे जाऊ नये, अवयव हलवू न देता थेट रुग्णालय गाठावे, हे प्रत्येकाला तोंडपाठ असावे. जंगलात चूल पेटणार नाही. म्हणून ज्वारीच्या भाकरी, कोरडा झुणका, ठेचा, शेंगदाणे आणि गूळ शाळेतूनच न्यावेत. खरकटे आणि प्लॅस्टिक परत आणायचे, तेही मोजून.

शनिवारचा दिवस नरनाळ्याचा. आमचा विषय इतिहास असल्याने या किल्ल्याविषयी लिहिताना हात आवरावा लागतो. बहमनी काळाच्या अखेरीस उभा राहिलेला तेथील महाकाली दरवाजा, पुढे इमादशाहीतील त्याचे महत्त्व, अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे म्हणून झालेली नोंद, हे सारे दगडांपुढे उभे राहून सांगायचे आहे. मुलांना तेथून दक्षिणेचे मैदान दिसेल. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावला इंग्रजांनी भोसल्यांचा पराभव केला आणि पंधरवड्याने गाविलगड घेतला, ती लढाईची भूमी. आणि हेही सांगायचे आहे, की दरवाजावरच्या शिलालेखात सुलतानाचे नाव असते, पण ती शिळा डोंगरावर वाहून आणणाऱ्यांची नावे कोठेही कोरलेली नसतात.

रात्रीसाठी फार कार्यक्रम ठेवू नये. गाणी, भाषणे, ध्वनिक्षेपक नकोत. सूर्य मावळण्यापूर्वी झोळ्या बांधून व्हाव्यात, जेवण व्हावे आणि त्यानंतर अर्धा तास सर्वांनी मौन पाळावे. वसतिगृहातील मुलाला दिवसाच्या चोवीस तासांत एकटेपण असे मिळतच नाही; उठण्यापासून झोपण्यापर्यंत तो रांगेत असतो. झोळीत पडल्यावर डोक्यावर कृत्तिका, रोहिणी आणि मृग, कानांवर रातव्याचा टकटक स्वर, दूर कोठे तरी सांबराचा इशारा, आणि आजूबाजूला आपली माणसे असूनही आपली झोळी आपली एकट्याची. आनापानसतीचा जो अभ्यास आपण सभागृहात करून घेतो, त्याला याहून चांगली जागा आम्हांला माहीत नाही. मेळघाटात दरवर्षी बुद्ध पौर्णिमेच्या चांदण्यात मचाणांवर बसून पाणवठ्यांवरील प्राण्यांची नोंद घेतली जाते, आणि वनविभाग त्यात नागरिकांनाही सहभागी करून घेतो. नववीत झोळीत शांत राहायला शिकलेला विद्यार्थी मोठेपणी त्या मचाणावर बसण्यास पात्र ठरेल. ज्या रानपिंगळ्याला शतकाहून अधिक काळ नामशेष समजले जात होते आणि जो १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला, तो याच मेळघाटात आजही नांदतो, हे आपल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे?

रविवारची सकाळ मात्र आम्हांला शनिवारच्या रात्रीइतकीच महत्त्वाची वाटते. हे अरण्य निर्मनुष्य नव्हते. कोरकू समाज तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. त्यांची भाषा मराठीच्या नव्हे, मुंडा कुळातील आहे. व्याघ्रप्रकल्पासाठी डोंगरातील काही गावे उठवून अकोट-तेल्हारा भागात वसविण्यात आली. जमीन, पाणी, रोजगार यांविषयीची त्यांची गाऱ्हाणी आपण वर्तमानपत्रांत वाचतो. आपण एक रात्र हौसेने ज्या जंगलात झोपणार, ते सोडून ज्यांना यावे लागले, त्यांच्या मुलांना भेटल्यावाचून परत येणे आम्हांला शोभणार नाही. गावकुसाबाहेर राहण्याचा अर्थ ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याच्या मुलांनी विस्थापितांची बाजू ऐकून घ्यावी. वाघही जगला पाहिजे आणि माणूसही. हे दोन्ही कसे साधावे याचे तयार उत्तर आमच्याजवळ नाही. पण प्रश्न समोरासमोर बसून विचारला गेला, तर त्यावर पुढे काम करणारा एखादा वनअधिकारी, एखादा वकील या चोविसांतून निघेल, अशी आशा बाळगायला जागा आहे.

खर्चाचा प्रश्न उरतो. बाजारातील तयार झोळ्या महाग असतात, आणि गरीब पालकावर शिबिराच्या शुल्काचा बोजा पडता कामा नये. जाड, मजबूत नवे कापड घेतले तर झोळ्या आपल्या शिवणवर्गातच तयार होतील. प्रत्येक झोळी वापरण्यापूर्वी तिच्यात विद्यार्थ्याच्या दुप्पट वजनाची वाळूची पोती रात्रभर टांगून पाहावीत. जुने लुगडे भावनेपोटी वापरू नये. अठ्ठावीस झोळ्या एकदा झाल्या की निदान पाच-सहा वर्षे पुरतील. विद्यालयाला भिंतीवरचे घड्याळ, ढाल किंवा नामफलक भेट देण्याची आपल्या माजी विद्यार्थ्यांची रीत चांगली आहे. यंदा एका तुकडीने त्याऐवजी कापड, पट्टे आणि मच्छरदाण्या द्याव्यात, अशी आमची विनंती आहे. जे वनविभागात, आरोग्य खात्यात किंवा एस.टी.त नोकरीला आहेत, त्यांनी पैशापेक्षा एक दिवस द्यावा. परवानगीचा अर्ज, औषधांची पेटी आणि गाडीची सोय या तिन्ही ठिकाणी अनुभवी माणसाचा हात लागतो.

आणि ज्या पालकाने आम्हांला तो प्रश्न विचारला, त्यांना आमचे निमंत्रण आहे. रात्रीच्या पहाऱ्याला अनुभवी माणूस हवा. वाऱ्याची दिशा, पाऊलवाट आणि जनावराची चाहूल त्यांना आमच्यापेक्षा अधिक कळते. त्यांच्या जागलीचे ज्ञान या शिबिरात शिक्षकाच्या मानाने यावे, मानधनासह यावे. मैदानातील तालमीसाठी नावे शाळेच्या कार्यालयात द्यावीत. कापड आणायला दिवाळीची सुट्टी संपल्यावर आम्ही अकोल्याला जाणार आहोत.